आवराआवर

गाडीचे मागचे ब्रेक घरीच बदलायचे ठरलं, आणि जुन्या गाड्यांच्या ग्रुपवरचे दोघे सकाळीच पाने-पकडी घेऊन हजर झाले. एक दातांचे डॉक्टर, दुसरे ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर.

आमचं अंगण फाटकाकडे उतरतं. गाडीची मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवली, चाकं काढली, तसे आतले ब्रेकचे ड्रम उघडे पडले. "हँडब्रेक याच ड्रममध्ये असतो. ड्रम निघाले की तोही गेला," असं म्हणत मास्तरांनी पुढच्या चाकांना दोन विटा लावल्या आणि लाथ मारून पाहिल्या. "आता सगळी भिस्त यांच्यावर."

पहिला ड्रम लगेच निघाला, दुसरा तासभर हटून बसला. "याच्यापेक्षा अक्कलदाढ परवडली!" डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

तोही निघाल्यावर आम्ही आत जाऊन चहा घेतला. बाहेर येतो तर आईने तेवढ्यात अंगण लख्ख झाडलेलं. विखुरलेले पानेसुद्धा भिंतीकडेला ओळीने मांडलेले.

हँडब्रेकची केबल सोडवायला मी पाठीवर सरकत गाडीखाली गेलो. केबलला जरा हिसका दिला, तसं नाकापासून चार बोटांवरचं लोखंड कुरकुरलं.

"मास्तर, गाडी हलवू नका हो."

"अरे, आम्ही दोघंही लांब उभे आहोत."

इतक्यात दारातून आईचा आवाज आला.

"अरे, त्या दोन विटा मी घेतल्या हं! कधीपासून कुंडीला टेकू शोधत होते."