उद्यापती

“घाई अजिबात नाही,” हेडमास्तरांचा मुलगा म्हणाला. “अगदी सावकाश करा. म्हणून तर मुद्दाम तुमच्याकडे आलो.”

पेंटरने मान खाली घातली. त्याची ख्यातीच तशी होती. एका डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटी त्याने रंगवून दिली, तोवर डॉक्टर निवृत्त झाले होते. पण इतक्या शांतपणे, हसूसुद्धा न येऊ देता, तोंडावर कुणी ऐकवलं नव्हतं.

पाटी शाळेच्या वाचनालयाच्या दारावर लागायची होती. मजकूर थोडका. वर हेडमास्तरांचं नाव, खाली ‘यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ’.

“आणि तारीख?”

मुलगा जरा घुटमळला. “ती अजून नक्की नाही. जागा तेवढी मोकळी सोडा. झालं की फोन करा, मीच येऊन नेईन. घरी आणायची तसदी घेऊ नका.”

उद्घाटनाची तारीख म्हणजे पाहुण्यांच्या सवडीचा मामला, पेंटरने ताडलं. ‘कधी गेले?’ हा प्रश्न त्याच्या ओठांवर आला होता, तो त्याने गिळला. कुठल्या तोंडाने विचारणार? हेडमास्तरांनी अंथरूण धरल्याचं त्याच्या कानावर कधीच आलं होतं. भेटायला तो जाणारच होता. उद्या.

“हेडमास्तर गेले?” रात्री वाढताना बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. “आणि तुम्हाला पत्ताच नाही?”

“कुणी कळवलंच नाही.”

“कळवलं असतं तरी काय? खांदा द्यायला दुसऱ्या दिवशी उगवला असतात.”

त्याने ताट बाजूला सारलं. शाळेत असताना हेडमास्तरांनी विचारलं होतं, मोठा होऊन काय होणार? हा ऐटीत म्हणाला, उद्योगपती. हेडमास्तरांनी त्याची गृहपाठाची कोरी वही वर्गाला दाखवली आणि म्हणाले, “तू उद्योगपती नाही, उद्यापती होशील.” नाव चिकटलं ते पोटावरच्या चरबीसारखं, वयाबरोबर वाढतच गेलं. आता नाव ठेवणारा गेला होता. त्याला एकदा तरी खोटं पाडायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बायकोच्या आधी उठला. बायकोने बाहेर येऊन आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“ताप नाही,” तो म्हणाला. “काम आहे.”

“मग दृष्ट काढायला हवी.”

त्याने फळी घासली, रंगाचं अस्तर चढवलं, वाळल्यावर पुन्हा घासली. नाक्यावरच्या मित्रांनी दोनदा हाका मारल्या, त्याने ओ दिली नाही. ‘स्मृति’पाशी मात्र कुंचला थबकला आणि डावा कान आपोआप गरम झाला. ह्याच ‘ति’साठी तो कान कितीदा पिळला गेला होता! समासात ऱ्हस्व, गाढवा, ऱ्हस्व. त्याने पहिली वेलांटी काढली आणि डोळे पुसले. टर्पेंटाइन डोळ्यांना लागतं, असं त्याने बायकोला सांगितलं. तिने चहा आणून ठेवला.

आठवडा संपायच्या आत पाटी तयार झाली. तारखेची जागा तेवढी मोकळी.

“करा आता फोन त्यांना,” बायको म्हणाली.

“फोन कसला? स्वतः नेऊन देतो. त्यांच्या घरच्यांना तरी कळू दे, मी अगदीच वाया गेलेलो नाही.”

नवा सदरा घालून, पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून तो निघाला. वाटेत त्याने वाक्य पाठ केलं, ‘सरांना दाखवता आली असती तर बरं झालं असतं.’ ते त्याने दोनदा म्हणून पाहिलं.

बेल वाजवली. आत काठीचा आवाज झाला. दार उघडायला बराच वेळ लागला.

दारात उभ्या असलेल्या माणसाला पाहून पेंटरचं पाठ केलेलं वाक्य पार विरून गेलं. पाटी त्याने पाठीमागे घ्यायचा प्रयत्न केला, पण समोरचा हात जुन्या सवयीने पुढे झाला होता, आणि त्या हातापुढे काही लपवायची हिंमत त्याला कधीच झाली नव्हती.

कागद उलगडला गेला. चष्मा कपाळावरून नाकावर आला. पाटी वरपासून खालपर्यंत, मोकळ्या जागेसकट, सावकाश वाचून झाली.

“‘ति’ ऱ्हस्व. शाबास,” हेडमास्तर म्हणाले. “आणि उद्यापती, जन्मात पहिल्यांदा वेळेच्या आधी आलास.”