उकिरड्यावरचं पोर

भिवरानं तान्हं पोर उकिरड्यावर ठेवलं आणि कोंड्यानं भरलेलं सूप घेऊन ती बाजूला उभी राहिली. आधीची तिन्ही पोरं रांगायच्या आतच गेली होती. जिचं एकही मूल गेलेलं नाही अशा बाईनं टाकलेलं पोर उचलायचं, आईनं ते सूपभर कोंडा देऊन विकत घ्यायचं, अशी रीत होती. विकतच्या पोराकडे म्हणे मरण बघत नाही.

अशी बाई गावात एकच, हौसाक्का. ती आली, पण तिनं पोराला हात लावला नाही.

"माझा हात आता चालायचा नाही गं. देवी आल्या, पहाटे धाकटा गेला."

भिवरानं गावातलं एकेक घर आठवून पाहिलं. प्रत्येक घरातून एक तरी पोर गेलं होतं. मग तिला तुळसा आठवली. तुळसाचं मूल कधी गेलं नव्हतं, कारण तिला ते झालंच नव्हतं. पाचवीच्या दिवशी भिवरानंच तिला वांझ म्हणून उंबऱ्यावरून परतवून लावलं होतं.

तरी निरोप धाडल्यावर तुळसा आली. तिनं पोर उचललं, पदरानं त्याच्या गालाची राख पुसली आणि कोंड्यासाठी ओटी पसरली.

भिवरानं सूप मागे घेतलं.

"विकू नकोस. तुझंच राहू दे. मी पाजायला येत जाईन."

"आणि उद्या त्यानं विचारलं, ही कोण म्हणून?"

"शेजारीण म्हण. पण विचारण्याएवढा होऊ दे, बाई."