दारातलं लाल पाणी

शेडच्या दारात लाल जंतुनाशक औषधाच्या पाण्याचा पसरट ट्रे होता. शेखरने तो लांब ढांग टाकून ओलांडला आणि आत शिरला. त्याचे बूट नवे होते, पांढरेशुभ्र.

"साहेब, पाय बुडवून या," कुसाबाई म्हणाली.

"मला शिकवू नका, बाई. मेलेल्या दाखवा."

दाराजवळच्या पोत्यावर सत्तेचाळीस कोंबड्या पडल्या होत्या, बावीस दिवसांच्या. गेल्या आठवड्यापर्यंत दिवसाला एखादी दगावायची. कालपासून नुसती रांग लागली होती. आत उरलेल्याही घशात खुरखुर करत मान टाकून बसल्या होत्या. कुसाबाईला ती खुरखुर सहन होत नव्हती.

शेखर कंपनीचा सुपरवायझर. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड आणि राबणं कुसाबाईचं. मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा तो शेडभर खोट शोधत फिरला. बुटाने खाली अंथरलेलं तूस उकरलं, ते कोरडं निघालं. पडदा ओढून पाहिला, हवा खेळती होती. पाण्याची भांडी तर त्याच्या बुटांपेक्षा स्वच्छ. खोट सापडेना तसा तो जास्तच भडकला.

"तुम्हीच काहीतरी घाण केलीय. बाहेरचं कुणी आत घेतलं होतं?"

"एकच माणूस. तुमी."

"तोंड सांभाळा!"

"मागल्या सोमवारी तुमी बहिरूच्या शेडवरून नीट हितं आलात. त्याच्याकडं मरतूक चालू होती. तवा बी ट्रे असाच ओलांडला. मी म्हनलं, पाय बुडवा. तुमी म्हनले, बूट खराब होत्यात."

"पुरावा आहे? माझ्या बुटाने रोग आणला म्हणे! असल्या भाकडकथा कंपनीला नका सांगू."

त्याने पॅडवर भराभरा लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. 'शेडमालकाचा निष्काळजीपणा.' हा शेरा पडला की पुढची पिल्लं बंद, हे पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होतं. घोटीकडच्या दोन शेडांना असंच कुलूप लागलं होतं. आठ वर्षं हे शेड लेकरासारखं सांभाळलेल्या बाईला आता त्यात सरपण भरून ठेवावं लागणार होतं.

"सही करा."

"नाय करनार."

"मग सही करायला नकार दिला, असं लिहितो. त्याने तर अजूनच बरं होईल माझं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायको होती, सायली. तिचा आवाज इतका खणखणीत की कुसाबाईलाही ऐकू आला.

"अहो, आपली पिल्लं आली! पेट्या उतरवल्यात. सोडू का शेडमध्ये?"

शेखरचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "सोड. गुळाचं पाणी आधी ठेव. बल्ब लावलेत ना? ऊब बघ. आणि हे बघ, कुणालाही आत घेऊ नकोस. कुणालाही. मी निघालोच."

घरामागे बायकोच्या नावावर त्याने नवं शेड बांधलंय, हे कुसाबाईने ऐकलं होतं. आज पहिलीच खेप आली होती.

"विचार करा आणि सही करून ठेवा. संध्याकाळी माणूस पाठवतो," असं म्हणत त्याने पॅड आणि पेन तिच्या हातात कोंबलं आणि तो घाईघाईने दाराकडे निघाला.

दारात तो थांबला. खाली पाहिलं. मग उजवा बूट लाल पाण्यात घातला, मागोमाग डावा. बुटांचे तळ नीट घासले. पांढऱ्या बुटांवर लाल डाग चढत गेले, तरी तो घासतच राहिला. मग वाकून हातही त्याच पाण्यात बुडवले.

कुसाबाई त्याच्यामागे येऊन उभी राहिली. तिचा आवाज स्थिर होता.

"साहेब, सोमवारी बी हे पाणी हितंच होतं."

शेखरने मान वर केली. तिने पॅड आणि पेन त्याच्या ओल्या हातांपुढे धरलं.

"लिवा आता. कुनाचा निष्काळजीपना?"