पिठाची रेषा

गिंडीच्या देवळात नव्या ध्वजस्तंभासाठी सागाचा भलामोठा ओंडका आला. तो ओढणाऱ्या पोलादी दोराला, रथाच्या दोराला लावतात तसा हात लावायला अख्खी गल्ली लोटली. छोट्या ट्रॅक्टरवर बसलेली संयुक्ता ‘लांब व्हा’ म्हणून ओरडून दमली. तिने बांधलेल्या लाल फितीखालून माणसं खुशाल वाकून आत येत होती.

गर्दीतल्या त्रिपुरसुंदरीअक्कांनी आपल्या तंजावरी मराठीत विचारलं, “दोर तुटला तर कुठवर येईल गे?”

“आहे तेवढा लांब. चहूकडे.”

अक्का तांदळाचं पीठ घेऊन बसल्या आणि ट्रॅक्टर-ओंडक्याभोवती ऐसपैस कोलम, म्हणजे दक्षिणेकडची पिठाची रांगोळी, काढू लागल्या. ‘आता हे काय मध्येच!’ संयुक्ता चरफडली. पण ताज्या कोलमवर पाय कोण देणार? माणसं आपणहून मागे सरत गेली.

तिने हलकेच क्लच सोडला. ओंडका तसूभर हलला आणि दोर तुटला. एक टोक तिच्या पाठीमागच्या संरक्षक जाळीवर आदळलं; दुसरं सपकन् कोलमच्या कडेची कमळं पुसून गेलं. तिथे एकही पाऊल नव्हतं.

ट्रॅक्टरवरून उतरून संयुक्ता अक्कांच्या पाया पडायला धावली. पिठाच्या रेषेपाशी तिचाही पाय थबकला. तिने आतूनच हात जोडले.