चौथ्या गाडीतली माणसं

"काकू तुमच्या गाडीत नव्हत्या?"

मेहुणीने असं विचारलं तेव्हा कॅप्टन तंबूची खुंटी ठोकत होता. हातोडी तशीच वर राहिली.

चार गाड्या, चार कुटुंबं, सतरा माणसं. कॅप्टनला वाटलं होतं, जेवणानंतर आई मेहुणीच्या गाडीत बसली. मेहुणीला वाटलं होतं, त्या शेजाऱ्यांच्या गाडीत नातवंडांबरोबर आहेत. शेजारी म्हणाले, सकाळी होत्या थोडा वेळ, पण पाठीला धक्के बसतात म्हणून मध्येच उतरून तुमच्या गाडीत गेल्या. दुपारी सगळे ओढ्याकाठी जेवायला थांबले होते. तिथून निघाल्याला तास उलटून गेला होता.

कॅप्टन हे त्याचं या मंडळींपुरतं नाव. एरवी तो दातांचा डॉक्टर. पण गाड्या घेऊन रानात मुक्कामाला जायचं ठरलं की वाट तो आखायचा, चाकांतली हवा तो तपासायचा, आणि प्रत्येक थांब्यावरून निघताना माणसं मोजायची हा नियमही त्याचाच. मागच्या खेपेला शेजारी शेगडी घरीच विसरून आले, तर त्याने वर्षभर त्यांना पिडलं होतं. आजही ओढ्यावरून निघताना त्याने वॉकीटॉकीवर विचारलं होतं, सगळे आहेत ना? तिन्ही गाड्यांमधून होकार आला. चौथी गाडी त्याची स्वतःची. तिच्यातली माणसं त्याने मोजलीच नव्हती.

बायको बरोबर यायला निघाली, त्याने नको म्हटलं. शेजाऱ्यांनी काही न बोलता त्याच्या गाडीत पाण्याची बाटली आणि एक पांघरूण ठेवलं. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

वाट कसली, नुसते दगड आणि चाकांनी पाडलेल्या चऱ्या. येताना याच चढावर मुलं आनंदाने किंचाळली होती. आता गाडी आपटली तरी तो वेग कमी करत नव्हता. फोनला रेंज नव्हती. आईला अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. ती यायला तयारच नव्हती, गळ त्यानेच घातली होती. मी आहे ना, तू कशाला काळजी करतेस, असंही म्हणाला होता.

आणि एक गोष्ट तो कुणालाच सांगू शकला नसता. ओढ्यावरून निघाल्यावर गाडीतली शांतता त्याला जाणवली होती. बायकोला डुलकी लागली होती, सकाळसारखं मागून कुणी काही विचारत नव्हतं, कुणी जुन्या गोष्टी काढत नव्हतं. ती शांतता त्याला बरी वाटली होती.

भेटल्यावर काय बोलायचं, ते तो वाटभर जुळवत राहिला. शेवटी दोनच शब्द उरले. आई, चुकलो.

ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर एक अनोळखी हिरवी गाडी उभी होती. तिच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर आई बसली होती. खांद्यावर कुणाची तरी शाल, हातात चहाचा कप. शेजारी एक बाई, तिचा नवरा आणि सहा-सात वर्षांची मुलगी. कॅप्टनचा जीव भांड्यात पडला. तो गाडीतून उतरला.

आई हसली. बाई हसली नाही. ती उठून दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"तुम्ही कोण यांचे?"

उत्तर त्याच्या जिभेवर होतं. पण बाईच्या डोळ्यांकडे बघितलं आणि जीभ भलतीकडेच वळली.

"मी ड्रायव्हर," तो म्हणाला. "साहेबांनी पाठवलंय. ते तिकडे अडकलेत."

मुलगी टकामका त्याच्याकडे बघत राहिली, मग आपल्या आईकडे. बाईने तिला गाडीतून बिस्किटं आणायला पाठवलं. नवऱ्याने खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. कॅप्टनने आईकडे बघितलं नाही.

"असं होय," बाई म्हणाली.

मग तिने आवाज न चढवता सगळं सांगितलं. आजी झाडीमागून परत आल्या तर ओढ्यावर कुणीच नव्हतं. चाकांच्या खुणा धरून त्या चालायला लागल्या. चपलेचा अंगठा तुटला, तशाच चालत राहिल्या. या लोकांना दिसल्या तेव्हा तोंडाला कोरड पडली होती.

"तुमच्या साहेबांना एवढंच सांगा," ती म्हणाली, "आजी त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत."

"सांगतो."

आई उठली. शालीची नीट घडी करून तिने ती परत दिली, बाईच्या हातावर थोपटलं. कॅप्टनने सवयीने पुढचं दार उघडून धरलं होतं. आई त्याच्यापुढून गेली, मागचं दार स्वतः उघडलं आणि साहेबांच्या आईने बसावं तशी मागे बसली.

दोन वळणं गेल्यावर त्याने गाडी थांबवली. पुढे ये म्हणाला. ती म्हणाली, असू दे, इथे पाय लांब करता येतात. मग त्याने जुळवून ठेवलेले दोन शब्द उच्चारले. ते कुठल्या चुकीसाठी होते, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आई खिडकीबाहेर बघत राहिली. त्याला ते सहन होईना.

"एवढा वेळ काय बोलत होतीस त्यांच्याशी?"

"काय बोलणार? तुझंच कौतुक," आई म्हणाली. "फोनमधले तुझे सगळे फोटो दाखवले. दवाखान्यातले, या गाडीजवळचे. ती पोरगी तर खिळूनच बसली होती. मला कुठे लांबचं दिसतं? तू वळणावर आलास तेव्हा, 'आजी, तुमचा मुलगा आला,' असं तिनेच सांगितलं मला."