न उडालेला बार

“मी काय डुक्कर दिसते काय, काका?” पारीनं डोक्यावरची मोळी महिपतीच्या अंगणात आपटली.

महिपती ओटीवर मान खाली घालून बसला होता. ठासणीची बंदूक भिंतीला टेकवून ठेवलेली होती. दिवस मावळताना वालाच्या शेतात, बांधाआड काहीतरी काळं वाकून हलत होतं. त्यानं नेम धरला, चाप ओढला. नुसतं टक् झालं. मग ते काळं उभं राहिलं आणि शिव्या देऊ लागलं.

“उडाली कशी नाय?” तो पुटपुटला.

“ऐक गो मावशे!” पारी दारात आलेल्या त्याच्या बायकोला, हौसाला म्हणाली. “मी वाचले त्याचं काय नाय. उडाली नाय, त्याचं दुःख!”

“तसं नाय, पारी,” महिपती म्हणाला. तो आठवू लागला. बार भरला होता का? सकाळी की काल? हल्ली असंच व्हायचं. आठवायला जावं तर हाताला काही लागत नसे.

पारीचा नवरा काळू मागून आला. महिपतीच्या शेतावर बरीच वर्षं तोच मजुरीला होता. तो आवाज न चढवता म्हणाला, “काका, बंदूक ह्या घरात हाय तवर आमी तुमच्या शेतात पाय ठेवणार नाय.”

“आणि डुकरांनी वाल खाल्ला म्हंजे?” शेजारचा शिवा कुंपणावरून बोलला. “अख्ख्या आळीत ही एकच परवान्याची बंदूक. नुसती घरात हाय म्हणून चोरसुद्धा इकडं फिरकत नाय.”

“चोर कवा आला होता रे तुझ्याकडं? न्यायला हाय काय तुझ्या घरात?” पारी म्हणाली. “डुकरानं शेंगा खाल्ल्या तर पुढल्या वर्षी येतील. मी येणार हाय काय?”

शिवा कुंपणावरून मागं सरला.

अक्षय धाटावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला, तेव्हा पारी अजून बोलतच होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. चपलासुद्धा न काढता तो बापासमोर बसला.

“बाबा, निवडणूक लागलीय. बंदुका ठाण्यात जमा करायच्या हायत. उद्या रोह्याला नेऊन देतो. आणि निकाल लागला तरी परत आणायची नाय.”

“परवाना माझ्या बापाच्या वेळचा हाय.”

“पारी मेली असती, बाबा.”

महिपतीनं बंदुकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. “ने,” तो म्हणाला. “माझाच माझ्यावर भरोसा नाय राहिला.”

स्वयंपाकघरात हौसानं मुलाला जवळ बोलावलं. “पारी मरणार नव्हती,” ती हळूच म्हणाली. “गणपतीत त्यांनी तुला दोनदा तुझ्या मेलेल्या काकाच्या नावानं हाक मारली, आठवतं? तवाच मी त्या केपांवर खोबरेल सोडलं.”

केप म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि नळीतली दारू पेटते. तेल मुरलेली केप नुसतीच वाजते.

अक्षय आईकडे बघत राहिला आणि हसला. “आणि बाबांना माहीत नाय?”

“सांगितलं असतं तर नव्या आणल्या असत्या.”

सकाळी त्यानं ठाण्यात फोन केला. बंदूक रिकामी करूनच आणा, असं हवालदारानं बजावलं. ठासणीची बंदूक रिकामी करायची म्हणजे उडवावीच लागते. दारू, चिंध्या, छर्रे, सगळं गजानं तोंडातून आत ठासलेलं असतं. दारू मापाबाहेर गेली, तर नळीच फुटते.

“आत एक बार असणार,” अक्षय म्हणाला. त्यानं गज नळीत सोडून पाहिला. तो बराच बाहेर राहिला. किती राहायला हवा, हे त्याला माहीत नव्हतं. बंदुकीला त्यानं कधी हात लावला नव्हता. दारूची डबी हलवली, तर ती रिकामी.

“दारूपण संपलीय. बरं झालं, तेवढं एक ओझं कमी.”

हौसानं तांदळाच्या डब्यात हात घालून चिंधीत बांधलेली एक केप काढली. “ही तेवढी कोरडी ठेवली होती. उडव आणि टाक देऊन एकदाची.”

अक्षय बंदूक घेऊन घरामागच्या वहाळाकडे उतरला. त्याची बायको अनिता लेकीला, राणीला, कडेवर घेऊन त्याच्या मागोमाग गेली. काळू आणि पारीही बघायला आले होते.

“बाबा, मोठा आवाज कर हां!” राणी ओरडली.

महिपती ओटीवरच बसून होता. हौसा त्याच्या शेजारी टेकली. कित्येक दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

“अवो, आता सांगते. रागावू नका. बंदूक उडत नव्हती ना, ते माझं काम. केपांना मी तेल लावलं होतं.”

महिपती तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूहळू त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

“म्हंजे माझं डोकं फिरलेलं नाय?”

“नाय वो.”

“खरंच?” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो लहान पोरासारखा हसू लागला.

खाली वहाळाकाठी अक्षयनं केप बसवली, घोडा ताणला आणि दस्ता खांद्याला लावून गाल टेकवला. राणीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

“आणि मी येडा समजत होतो, बार भरायचाच विसरतोय,” महिपती डोळे पुसत म्हणाला. “ज्या ज्या सांजेला नुसतं टक् झालं, त्या त्या सांजेला वरनं आणखी एक ठासला. दारू संपेपर्यंत.”