कळवतो

पोलादपूरला वल्लरीला बघायला आलेल्या आमोदने आपली ओळख करून दिली. शिक्षण पुण्याचं, काम ॲप डिझाइन करण्याचं, आवड घाटात सायकल चालवण्याची.

"आणि हातखंडा कशात?" वल्लरीच्या वडिलांनी विचारलं.

"आमच्या योगासनांच्या ॲपमध्ये 'वर्गणी बंद करा' हे बटण मी असं लपवलंय, की कुणाला सापडतच नाही. बक्षीस मिळालं त्याला!"

"तुम्हीच का ते! चार महिने शोधतोय मी. घ्या, पोहे घ्या."

त्याला आता दोन महिने झाले. आमोदची आई दर रविवारी फोन करते आणि वल्लरीचे वडील दर रविवारी प्रेमाने "कळवतो हं" म्हणतात.

"अहो, नकार सांगून टाका ना एकदाचा," शेवटी वल्लरीची आई म्हणाली.



"शोधू देत की त्यांना."